पैऱ्याची वही

संयोगिता एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की हात धुऊन लागते. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात ती प्रोग्रॅमिंग शिकवते, मी गणित. स्टाफरूममध्ये तिचं टेबल माझ्या शेजारी, त्यामुळे तिचा प्रत्येक नवा नाद आधी माझ्या डोक्याला ताप.

यंदाचा नाद संगणकावरच्या वहीचा. या वहीत चौकटीत कोड लिहायचा, चालवला की खाली उत्तर उमटतं. आजवर ज्याची त्याची वही वेगळी असायची. संयोगितानं खपून अशी सोय केली की सगळा वर्ग एकाच वहीत, एकाच वेळी लिहू शकेल आणि कोण कुठं लिहितंय ते नावासकट सगळ्यांना दिसेल.

"आपल्याकडं भांगलणीला पैरा करतात, तसंच गं," ती म्हणाली. "आज सगळी तुझ्या रानात, उद्या माझ्या." शेतकऱ्याची लेक ती, तिला दुसरं काय सुचणार!

हा आटापिटा खरं तर क्रांतीसाठी होता. क्रांती जयसिंगपूरहून एसटीनं येणारी, वर्गात मान वर न करणारी पोर. कागल एमआयडीसीतली एक कंपनी वर्षाअखेरी चाचणी घेऊन मुलं निवडणार होती. "नोकरी लागली तर बरं, न्हायतर पावणं बघायला येत्यात," असं तिच्या वडिलांनी, अण्णांनी, संयोगिताच्या तोंडावर सांगितलं होतं.

वही सुरू झाली आणि वर्ग गजबजला. क्रांती दोन शब्द लिहून अडली की राजस तिच्या चौकटीत हजर. "थांब, मी करतो की!" त्याच्यामागून भैरवी, मग आणखी कुणीकुणी. एकानं ओळ लिहायची, दुसऱ्यानं चूक काढायची, तिसऱ्यानं चालवायचं. कुणाच्या मनात पाप नव्हतं. आमच्याकडं शेजारणीचं रान मागं राहिलं तर माणूस बांधावर उभा राहून बघत नाही, खुरपं घेऊन आत उतरतो. पोरांनी तेच केलं. क्रांती मात्र स्वतःच्याच बांधावर बसून राहिली.

मी एकदा म्हटलं, "अगं, तिचं तिला करू दे की जरा."

"पोरगी हसायला लागलीय, ते बघ आधी!" संयोगिता फणकारली. ते खरंच होतं.

चाचणीला प्रत्येकाला वेगळा संगणक, वेगळी वही. राजस पास झाला, भैरवी झाली. क्रांतीची पहिलीच चौकट कोरी राहिली. तसलाच प्रश्न वर्गात तिच्या नावावर कितीदा तरी सुटला होता.

व्हरांड्यात संयोगितानं तिला गाठलं. "अगं, एक ओळ तरी लिहायचीस!"

"वाट बघत बसलो, मॅडम," क्रांती म्हणाली. आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात. "दरवेळी कोण तर येतंयच की. आज कोणच आलं न्हाय."

त्यानंतर ती कॉलेजात आली नाही. तिच्या लग्नाची सुपारी फुटल्याचं भैरवीकडून कळलं. संयोगिता त्या दिवशी डबा न उघडता बसून राहिली. मला तिचा राग येत होता आणि तिच्याकडं बघून रडूही येत होतं.

वही अजून चालू आहे. तास सुरू झाला की संयोगिता क्रांतीच्या नावाची एक चौकट उघडून ठेवते आणि पोरांना दटावते, "हितं कुणी हात लावायचा न्हाय."

आता कुणी लावत नाही.