पास कुणाकडं हाय?

गेल्या रविवारी पेडगावला गेले होते... चार दिवस झाले तरी डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितेय. शब्द थोडे कडक गेले तर सांभाळून घ्या.

परभणीत माझा शिवणक्लास आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. मीरा ही माझी विद्यार्थिनी, पेडगावची. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. बारावीनंतर वर्षभर क्लासला आली आणि हात असा बसला की तिची काजं मी बाकीच्या मुलींना दाखवायला ठेवायची.

मागच्या वर्षी एक एजंट क्लासवर आला. बेंगळुरूकडच्या गारमेंट कंपनीत नोकरी, हॉस्टेल, जेवण, सगळं पक्कं म्हणाला. मीराचे वडील काही केल्या तयार होईनात, तेव्हा मीच त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, "भाऊ, माझ्या भरवशावर पाठवा."

माझ्या भरवशावर!

तर मीरा दहा दिवसांच्या सुट्टीवर आली होती, म्हणून भेटायला गेले. कडक ऊन. तिच्या आईनं दारातच तांब्या पुढे केला, मी गटागटा प्यायले. मीरानं मात्र ओठ ओले करण्यापुरता घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

मी चिडवलं, "काय गं, आता बाटलीचंच पाणी लागतं वाटतं?" ती नुसती हसली. आई म्हणाली, "आल्यापसून असंच करायलीय बगा म्याडम. पाणी म्हणलं की नको म्हणायलीय."

मग गप्पा सुरू झाल्या. मीरा मधेच दोनदा चुळबुळली. शेवटी उठली, दारापर्यंत गेली आणि मागे वळून आम्हाला विचारलं, "पास कुणाकडं हाय?"

वडील म्हणाले, "येष्टीचा? तुजा पास तर कवाच संपला की."

मीरानं जीभ चावली, हसत हसत बाहेर पळाली. मला वाटलं काहीतरी गंमत असेल. परत आल्यावर तिला बसवून विचारलं, तेव्हा कळलं.

कंपनीत बाथरूमला जायचं तर गळ्यात पास घालून जावं लागतं. सुपरवायझरच्या टेबलावर मशीनच्या अख्ख्या लाइनीसाठी दोन पास. ते बाहेर असले की बसून राहायचं, आणि मिळाला तरी परत येईपर्यंत मशीनवर कपड्यांचा ढीग, टार्गेट चुकलं म्हणून सगळ्यांसमोर शिव्या.

"म्हणून सकाळपसून पाणीच पेत न्हाई आमी," मीरा म्हणाली. "लय सोपं पडतंय."

सोपं पडतंय म्हणे! वीस वर्षांची पोर. दोनदा लघवीला जळजळ होऊन ताप आला, गोळ्या खाऊन तशीच मशीनवर बसली. हे तिनं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आणि ऐका... ते कपडे जिथं विकले जातात, त्या परदेशी कंपनीची माणसं तपासणीला येतात. त्या दिवशी पास ड्रॉवरमध्ये जातात आणि मशीनशेजारी पाण्याच्या बाटल्या येतात. मुलींना आदल्या दिवशी शिकवलेलं असतं, काय विचारलं तर काय सांगायचं. पाहुणे फोटो काढतात, खूश होऊन जातात. त्यांना खरंच काही कळत नसेल? मला नाही पटत. इतका स्वस्त शर्ट इतक्या लवकर कसा तयार होतो, हे न कळायला ते काय कुक्कुलं बाळ आहेत?

आणि आपण? सेल लागला की मोबाइलवर बोट घासत बसतो. मीही त्यातलीच, सांगून ठेवते.

पण सगळ्यात जास्त राग मला माझाच आला. माझ्या क्लासच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात एक पाटी होती : 'शिलाई पूर्ण झाल्याशिवाय जागेवरून उठू नये.' आणि त्या एजंटनं मीराबद्दल विचारलं, तेव्हा मी कौतुकानं सांगितलं होतं, "दोन-दोन तास उठत नाही हो पोरगी!"

त्याला तेच तर हवं होतं.

मी तिच्या वडिलांना सगळ्यांसमोर म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं." ते मीराकडे बघून म्हणाले, "जायाचं का न्हाई ते तूच सांग. आमी आता कुणाचं ऐकत न्हाई." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बरोबरच होतं त्यांचं.

मीरा म्हणाली, "न्हाई जात." इतकंच.

सोमवारी पाटी काढून फेकली. दुपारी नेमका त्या एजंटचा फोन, नवीन बॅचमधल्या मुली आहेत का म्हणून. मी विचारलं, "लाइनीला पास किती?" तर म्हणतो, "मॅडम, बसच्या पासचं टेन्शन नका घेऊ, कंपनीची गाडी आहे." फोनवर त्याला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

आजपासून मीरा क्लासवर येतेय. शाळांच्या गणवेशांची ऑर्डर आहे, दोघी मिळून करू. सकाळी मशीनवर बसली, तिच्या शेजारी मी पाण्याचा तांब्या ठेवला.

अकराच्या सुमारास तिनं मान वर केली. सवयीनं माझ्याकडे बघितलं... मी मुद्दाम कापडात डोकं घातलं. थोडा वेळ गेला आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

न विचारता उठली पोरगी. अर्धी शिलाई सुईखाली तशीच राहिली होती... मी म्हटलं, राहू दे.