नळीवरचा चिमटा

हे मी पोटच्या मुलीलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही घरचे नाही म्हणून.

मार्केट यार्डात मी आयुष्यभर कांदा विकला. वरचा माल बघून गोणी घ्यायची नाही, हात तळापर्यंत घालायचा. वर चांगला, खाली सडका — हेच पाहत आले. माणसांना तरी वेगळा नियम का लावू?

आमच्या ह्यांना कॅन्सर झाला, कमरेच्या हाडात उतरला. रेडिएशनचा शेक द्यायला टेबलावर सरळ झोपवलं की ओरडायचे. मग भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीच्या मणक्याजवळ बारीक नळी बसवली. उशीजवळच्या रबरी फुग्यातलं औषध तिच्यातून हळूहळू आत जायचं. दुखणं बंद आणि माणूस जागा, असं त्या म्हणाल्या.

आणि खरंच, हे मला म्हणाले, "अगं, नुसती बघत काय बसलीस? चहा तरी पाज."

काल बोंबलणारा माणूस आज चहा मागतो? मला पटेना. फुग्यात नुसतं पाणी असेल — नाहीतर आतलं सडणं आमच्यापासून झाकत असतील. गुण येतोय की नाही, ते दुखण्यावरूनच कळणार ना?

नळीवर एक चिमटा होता. ह्यांचा डोळा लागला होता, नर्स बाहेर गेली होती. आणि मी —

मी तो दाबून बंद केला. तळाशी काय आहे ते बघायला.

बऱ्याच वेळाने हे ओरडतच जागे झाले. मी चिमटा उघडला, पण दुखणं लगेच थोडंच थांबतं? त्या दिवशीचा शेक राहिला.

नर्सने विचारलं, "आजी, नळीला हात लावलात का?"

"मी कशाला लावू? हेच कुशीवर वळले. दबली असेल."

ह्यांनी ते ऐकलं. दात आवळून म्हणाले, "सिस्टर, तिला बोलू नका. वळलो असेन मी झोपेत."

तेव्हापासून ते कुशीवर वळले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मीही म्हणायचे, "अहो, वळा जरा." तर म्हणायचे, "नको, पुन्हा दबेल." पाठ सोलवटली, मग जखमा झाल्या. त्यांना मलम मीच लावायचे. लावताना रोज तोंडाशी यायचं — नळी तुमच्याने दबली नव्हती. एवढंच तर बोलायचं होतं. तेवढ्याने ते वळले असते.

मी बोलले नाही. गेले तेव्हाही ते उताणेच होते.