आजोबांचं कागदी मत

विक्रोळीतल्या एका शाळेच्या वर्गात त्या दिवशी मी पहिली मतदान अधिकारी होते. काम सोपं. यादीत नाव शोधायचं, मोठ्यानं वाचायचं, त्या ओळीखाली रेघ मारायची. पक्षांचे प्रतिनिधी समोर बसून आपापल्या यादीत तीच खूण करतात. एरवी मी नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळे या कामात आपण चुकणार नाही याची मला खात्री होती. घमेंडच म्हणा ना.

दुपारी तीनच्या सुमारास एक आजोबा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काठी. मी नाव शोधलं. त्या ओळीखाली आधीच रेघ होती.

"आजोबा, तुमचं मतदान झालंय."

त्यांनी बोट माझ्यासमोर धरलं. शाई नव्हती. "अगो बाय, मी आत्ताच येतंय. गिरणीत होतंय तेव्हापासून एकय मत चुकलेला नाय माझा."

"बोगस! बोगस झालं!" प्रतिनिधींनी गलका केला. केंद्राध्यक्षांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि सह्यांची वही उघडली. आजोबांच्या क्रमांकासमोर एक झोकदार इंग्रजी सही होती. आजोबा वाकून बघत म्हणाले, "ही तर आमच्या नातवाची."

त्यांच्या घरात नाव एक पिढी सोडून परत येतं. आजोबांनी मुलाला आपल्या वडिलांचं नाव दिलं, मुलानं नातवाला आजोबांचं. त्यामुळे आजोबा आणि नातू यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं एकच. यादीत दोघं एकाखाली एक. सकाळी नातू आला तेव्हा रांग मोठी होती. मी नाव वाचलं, पण वय आणि फोटो न पाहताच आजोबांच्या ओळीखाली रेघ मारली. चूक सर्वस्वी माझी होती, आणि मी ती सगळ्यांसमोर कबूल केली.

"चुकता माणूस," आजोबा म्हणाले. "आता बरोबर कर म्हणजे झाला."

तेच तर करता येत नव्हतं. कोण येऊन गेलं ते वहीत कळतं, पण कुणाला मत दिलं ते कुणालाच कळत नाही. म्हणून यंत्रात गेलेलं मत परत काढता येत नाही. ही गुप्तता मी वर्गात किती कौतुकानं शिकवते!

"नातवाच्या ओळीवर देऊ दे ना त्यांना, काय फरक पडतो यार," एक प्रतिनिधी म्हणाला.

दुसरा ताडकन उठला. "नाय चालणार. दुसऱ्याच्या नावावर मतदान होईल ते."

केंद्राध्यक्षांनी त्यालाच दुजोरा दिला. मला त्या दुसऱ्याचा राग आला, आणि त्याचंच बरोबर होतं याचा त्याहून जास्त.

"नातू आमचो उलट्या डोक्याचो," आजोबा पुटपुटले. "माझ्या नावावर काय दाबल्यान असात, देवाक ठावक."

एकच वाट उरली होती, प्रदत्त मत. ज्याच्या नावावर आधीच मत पडलंय त्याला कागदी मतपत्रिका देतात. ती लिफाफ्यात बंद होते आणि मोजणीत धरत नाहीत. कोर्टानं सांगितलं तरच उघडायची. केंद्राध्यक्ष एवढंच म्हणाले, "आजोबा, तुम्हाला कागदावर मत देता येईल." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

कागद म्हणताच आजोबा खुलले. "पूर्वीसारखो? झकास!"

पुठ्ठ्याच्या आडोशामागे ते बराच वेळ होते. मी यादीकडे बघत बसले. मला रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती. ते बाहेर आले तेव्हा मतपत्रिकेची नीट घडी घातलेली होती, शिक्क्याची शाई दुसरीकडे उमटू नये अशी. त्यांनी टेबलावर पाहिलं, टेबलाखाली पाहिलं.

"पेटी खंय?"

मी लिफाफा पुढे केला. त्यांनी घडी आत सरकवली आणि वरून दोनदा थोपटली.

"बाय, मोजताना आठवण कर हां. एकटोच कागद आसा, लोक इसरतले."

"हो आजोबा," मी म्हणाले.