मे महिन्यातला आकडा

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बल्लारपूरला वजनकाट्यावर होतो. समोरच्या ट्रकचं वजन लिहिलं, सही केली आणि मगच उठलो... माझ्या जागी तीही तसंच वागली असती.

माझी ही धाकटी बहीण गडचिरोलीच्या कॉलेजात सोळा वर्षं रसायनशास्त्र शिकवत होती. तिचं संशोधन तिनेच मला समजावलं होतं. काही औषधांच्या रेणूंची डाव्या-उजव्या चपलेसारखी दोन रूपं असतात आणि कामाचं एकच असतं. तेच जास्त बनावं म्हणून चिमूटभर उत्प्रेरक घालतात, तोही एकाच पायाचा. बहुतेक लोक हे द्रावकात विरघळवून करतात. आमच्याकडच्या उन्हाळ्यात द्रावक बाटलीतूनच उडून जातो, म्हणून सुनंदा सगळं पोलादी डबीत, पोलादी गोळ्यांसोबत, हलवणाऱ्या यंत्रावर कोरडंच दळायची.

जानेवारीत शंभरातले चौऱ्याण्णव रेणू हव्या त्या रूपाचे आले. शोधनिबंध तयार झाला. मे महिन्यात तिने तोच प्रयोग तीनदा केला, आकडा एकाहत्तरच्या वर जाईना. डबी तापली की नको असलेलं रूपही जास्त बनत होतं. तिचे मार्गदर्शक म्हणाले, हिवाळ्याचाच आकडा द्या. मीही तेच म्हणालो, याची आज लाज वाटते.

"मे महिना काऊन दाखवून राह्यली व? जानेवारीचाच पाठव."

"भाऊ, तुह्या काट्यावर तू तुले आवडलं तेच वजन लिहितं का?"

दोन्ही आकड्यांसह निबंध गेला आणि दोनदा परत आला. त्या एकाहत्तरच्या मागे लागूनच तिला उपाय सापडला. दहा मिनिटं दळायचं, डबीला ओलं फडकं गुंडाळून थांबायचं, पुन्हा दळायचं. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातच आकडा नव्वदवर आला. तिसऱ्यांदा पाठवल्यावर निबंध छापून आला, तिन्ही आकड्यांसह. फडकं किती वेळ ठेवायचं, हे विचारणारी पत्रं नंतर दूरदूरहून यायची.

गेल्या महिन्यात तिचं सामान आणायला कॉलेजात गेलो. वहीच्या शेवटच्या पानावर, तिच्या सवयीप्रमाणे, आधी खोलीचं तापमान होतं... त्रेचाळीस. खाली नव्या उत्प्रेरकाचं नाव, निकालाची जागा कोरी. तिची विद्यार्थिनी अर्चना आता तिथेच शिकवते. तिने वही मागून घेतली, भिंतीवरचं तापमान बघून खाली लिहिलं आणि डबी भरली.

चार दिवसांनी तिने पानाचा फोटो पाठवला. आकडा चौसष्ट. सुनंदाला नक्कीच आवडला नसता. खाली अर्चनाची सही होती, खाडाखोड कुठेच नव्हती.