योरिसची नडगी

न्यूयॉर्कजवळच्या आमच्या वालाबाउटच्या डच वस्तीत मयताला कोणी आपणहून जात नाही. काळा कोट घातलेला, टोपीला लांब काळी फीत लावलेला माणूस दारोदार फिरून बोलावणं करतो. ज्याच्या दाराशी तो थांबेल त्यानेच खांदा द्यायचा. हिलेगोंडा बोगार्टला ही रीत फार पटायची.

ती माझी शेजारीण, सगळे तिला हिला म्हणायचे. मी बारेंट, होडीवाला. अमेरिकेचं इंग्रजांशी पहिलं युद्ध, स्वातंत्र्याचं, चाललं होतं तेव्हा तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडीतलं कैद्यांचं जहाज दिसायचं. डोलकाठ्या उतरवलेलं जुनं धूड, आत हजारभर माणसं, आणि त्यात तिचा धाकटा भाऊ योरिस. रोज सकाळी पहारेकरी ओरडायचा, "बंडखोरांनो, मुडदे वर आणा." ते आम्हाला न्याहारी करताना ऐकू यायचं. मी जहाजावर कोबी पोचवायला जायचो, तर लांबूनच असा वास यायचा की घरी आल्यावर घास तोंडात जात नसे. इंग्रज राजाच्या आरमारात भरती हो म्हणजे सुटशील, असं त्या कैद्यांना सांगत. फार थोडे गेले. युद्ध सेनापतींनी जिंकलं असं लोक म्हणतात. या घाणीत पडून नाही म्हणणाऱ्यांनी ते जिंकलं, असं माझं मत आहे. योरिस नाही म्हणाला आणि मेला.

मुडदे किनाऱ्यावर हातभर वाळूखाली टाकले जायचे. भरती आली की उघडे पडायचे. युद्ध संपलं, आपलं सरकार आलं, हाडं मात्र किनाऱ्यावरच. ती हाडं हिला ॲप्रनमध्ये गोळा करून कोठारात पिंपात ठेवायची. एकदा तिला एक नडगी सापडली, मधोमध वाकडी. लहानपणी योरिस गिरणीच्या शिडीवरून पडला होता, तेव्हा हाड असंच वाकडं जुळलं होतं. आमच्याकडे प्रत्येक नवरी स्वतःच्या मयताचं कापड विणून पेटीत ठेवते. हिलाने ते कापड काढलं, त्यात नडगी गुंडाळली आणि नासपतीच्या झाडाखाली पुरली. वर दगड ठेवला नाही. बाकीचा योरिस तिला कधी सापडला नाही.

पंचवीस वर्षं गेली. इंग्रज आमचे खलाशी भर समुद्रात पकडू लागले, पुन्हा लढाईची भाषा सुरू झाली, आणि न्यूयॉर्कच्या बड्या लोकांच्या एका मंडळाला हुतात्म्यांचा एकदम उमाळा आला. निवडणूकही जवळ होती. तेरा राज्यांच्या नावाच्या तेरा शवपेट्या, तोफा, बँड असा बेत ठरला. त्यांचे लॅथ्रप साहेब रेशमी मोजे घालून हिलाच्या कोठारात आले.

"बाई, ही राष्ट्राची ठेव आहे," ते म्हणाले.

"राष्ट्र इतके दिवस कुठं होतं?"

"आता आलंय ना?"

"आलंय तर हात लावून उचला की. नाकाला रुमाल कशाला?"

साहेबांनी हात लावला नाही, चाकराला खूण केली. हिलाने सगळी पिंपं देऊन टाकली. झाडाचं नाव काढलं नाही.

पिंपं माझ्याच होडीतून गेली. दुसऱ्या खेपेला साहेबांनी आपली रमची बाटली मला दिली आणि विचारलं, "अजून कुठं आहेत का रे?" मी झाडाचं सांगितलं. योरिसला तोफांची सलामी मिळेल, कुत्र्यासारखं झाडाखाली का पडावं त्याने, असं मी मनाशी म्हणालो. खरं सांगायचं तर साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि मला ते फार आवडलं होतं. हे लिहितानाही मला माझी शिसारी येते.

हिला चर्चमध्ये गेली होती. त्यांनी खणलं, कापड बाजूला फेकलं, नडगी पिंपात टाकली.

मिरवणुकीच्या दिवशी ती धक्क्यावर आली. चिखलाने माखलेलं ते कापड तिच्या हातात होतं.

"माझा भाऊ कुठल्या पेटीत आहे?" तिने साहेबांना विचारलं.

"बाई, सगळ्या पेट्यांत सारखी वाटणी केलीय. जॉर्जियाची जरा हलकी भरत होती, तिच्यात असेल."

"तो कधी जॉर्जियाला गेला नव्हता."

"आता सगळे देशाचेच की हो."

मग भाषणं झाली. एकाने छाती पिटून इतकं रडून दाखवलं की त्याच्या केसांची पावडर कोटावर सांडली. जेवायला भाजलेलं डुक्कर होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

संध्याकाळी हिला दारात घेवडा सोलत होती. "झाडाचं तू सांगितलंस?" तिने विचारलं.

"हो. मला वाटलं, योरिसला मान..."

"बरं," ती म्हणाली आणि सोलत राहिली. पुढे चार वर्षं मला ताजा पाव देत आली. मला वाटलं, विसरली.

पेट्या ठेवलेल्या खोलीचं छप्पर तेवढ्यातच गळू लागलं. फळ्या कुजल्या. साहेबांपैकी कोणी फिरकलं नाही. इंग्रजांशी दुसरं युद्ध सुरू झालं तेव्हा त्यांची भाषणं तीच, फक्त आता आणखी पोरं पाठवायची होती. त्याच साली पानगळीत हिला गेली. तिने ते कापड धुऊन परत आपल्या पेटीत ठेवलं होतं. बायकांनी तिला त्यातच गुंडाळलं. डाग गेले नव्हते.

मी काळा कोट झटकून घातला आणि दारात उभा राहिलो. खांदेकऱ्यांत मी स्वतःला धरलेलंच होतं, तीस वर्षांचा शेजार. बोलावणं करणारा कूर्ट गल्लीत आला. डावीकडच्या घरी थांबला, बोलला. माझ्या फाटकाशी आला तेव्हा मी पायरी उतरलो.

"बारेंट, तिनं स्वतः नावं सांगून ठेवलीत," तो खाली बघत म्हणाला, आणि पुढच्या घराची कडी वाजवायला गेला.