माही गाय

दर्यापूर ते मूर्तिजापूर या टापूत जेवढ्या म्हणून गायी आहेत, तेवढ्या साऱ्या आमच्या साडभाऊंच्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या दाराशी उभ्या जन्मात शेळीसुद्धा बांधलेली नव्हती, ही गोष्ट वेगळी. दर्यापूरजवळ एका मालकाच्या डेअरी फार्मवर ते बावीस वर्षं गडी म्हणून राबले आणि तिथल्या झाडून साऱ्या जनावरांना ‘माही’, म्हणजे माझी, म्हणत आले. मालक गायी ओळखायचा कानातल्या बिल्ल्याच्या नंबरावरून. साडभाऊ नुसत्या खोकण्यावरून ओळखायचे.

त्यांच्यासोबत जीपमधून जाणं म्हणजे शिक्षाच. दहा जणांच्या जीपमध्ये सोळा जण कोंबलेले, आणि हे मोबाइलवर मोठ्यानं सांगत असायचे, “माह्या दोघी गाभन निघाल्या, अन् तिसरी आज-उद्या होते मोकळी.” एकदा समोरच्या बाईनं पदर सावरून त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की दर्यापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेरची तूर पाहत बसलो. लग्नाला गेले की आधी गोठा पाहणार, मग नवरदेव. माझ्या पुतणीसाठी स्थळ पाहायला त्यांना नेलं, तर मुलाला एक शब्द न विचारता ते मागच्या दारी गेले आणि परत येऊन माझ्या कानात म्हणाले, की बैलांच्या खांद्यावर जखमा आहेत, इथं पोरगी देऊ नका. आम्ही दिली नाही, आणि त्याचा कधी पस्तावाही झाला नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नात तर ऐन पंगतीतून उठून गेले, का तर फार्मवर एकीला कळा सुरू झाल्या होत्या. परत आले तेव्हा मुलगी सासरी निघून गेली होती. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, त्या दिवशी आम्हाला म्हणाली, “एक सवत असती तं भांडली असती मी. इथं चाळीस हायेत.”

त्या चाळिसांतल्याच एकीचं वासरू आठव्या महिन्यात पोटात मेलं आणि अडलं. साडभाऊंनी कोपरापर्यंत हात घालून ते बाहेर काढलं, उघड्या हातांनी. हातमोजे मालकानं कधी आणले नव्हते आणि यांनी कधी मागितले नव्हते. महिन्याभरानं ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा आणि पहाटे अंथरूण घामानं भिजवून उतरायचा. मलेरियाची औषधं झाली, टायफॉइडची झाली, रिद्धपूरला देवाच्या पाया पडून झालं. चार महिन्यांत ते वाकून बादली उचलेनासे झाले. शेवटी मी त्यांना अकोल्याच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं रक्त तपासून रोगाचं नाव निघालं, ब्रुसेलोसिस. गायीम्हशींकडून माणसाला होणारा. साडभाऊंनी त्याचं जागच्या जागी ‘बुरसेला’ करून टाकलं.

डॉक्टर बाहेरगावचा होता. कशापासून झालं, म्हणून त्यानं विचारलं. साडभाऊ म्हणाले, “माह्या गायीपासून.” डॉक्टर माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मी मराठीचा मास्तर. वऱ्हाडीचं शुद्ध मराठी करून सांगायची माझी जन्माची खोड. मी म्हणालो, घरच्या गायीपासून. त्यानं तसं लिहून घेतलं.

पुढे मालकानं त्यांना कामावरून काढलं तेव्हा आम्ही वकील गाठला. त्यानं समजावलं, की जनावरांचं काम करणाऱ्याला हा रोग झाला तर तो कामातूनच आला असं कायदा धरून चालतो. उपचाराचा खर्च आणि भरपाई हा साडभाऊंचा हक्क आहे; रोग कामातून आला नाही, हे दाखवायचं असेल तर मालकानं दाखवावं. मालकाला फार शोधावं लागलं नाही. त्याच्या वकिलानं दवाखान्याचा कागद पुढे केला, त्यावर लिहिलेलं होतं, घरच्या गायीपासून. माझ्या त्या दोन शब्दांपायी केस दीड वर्ष लांबली. पैसे संपून औषध मध्येच तुटलं, ताप परत आला आणि साडभाऊंची कंबर कायमची गेली. आजही तो कागद आठवला की मला माझीच लाज वाटते.

साक्षीच्या आधी आठवडाभर मी त्यांना घरी ठेवून घेतलं आणि ‘मालकाची गाय’ म्हणायची तालीम दिली. पाच वेळा नीट म्हणायचे, सहाव्यांदा ‘माही’ यायचंच. वकिलानं बजावून ठेवलं होतं, की तो शब्द तोंडातून निघाला तर केस गेली म्हणून समजा.

कोर्टात समोरच्या वकिलानं विचारलं, तुमची स्वतःची गाय आहे का? साडभाऊ नाही म्हणाले. कधी होती का? साडभाऊ माझ्याकडे पाहू लागले. न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला.

“नाई साहेब,” ते म्हणाले. “माही कोनतीच गाय नव्हती. सारं मालकाचं होतं.”

निकाल त्यांच्या बाजूनं लागला. त्याची नक्कल घेऊन मी त्यांच्या गावी गेलो आणि खाटेशी बसून ओळ न् ओळ वाचून दाखवली. त्यांनी मान हलवली. मग इतके दिवस मनात ठेवलेलं बोललो. म्हणालो, तुमचे हे हाल माझ्यामुळे झाले, त्या दिवशी डॉक्टरला चुकीचं सांगणारा मीच. मला माफ करा.

साडभाऊंनी डोळे मिटून घेतले.

“तुमी डॉक्टरले बरोबरच सांगतलं होतं, भाऊ,” ते म्हणाले. “खोटं तं मी कोर्टात बोललो.”

मग कसेबसे कूस बदलून ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.