छपरावरचा भोपळा

आमच्या पावणे गावात पोरी पोहत नसत. पोरगे दिवसभर तळ्यात डुंबायचे आणि काठावर माझा नुसता जळफळाट! दहा वर्षांची होते मी. बाबांच्या मागे अशी भुणभुण लावली की ते वैतागून म्हणाले, "एक दुधी वेलावर सुकव. पाठीला बांधला की बुडत नाय मानूस. मग शिकवतो."

झालं! पाऊस लागताच छपराच्या कडेला बी टोचली. खाडीकाठची माती खारट, म्हणून वरच्या शेतातून पाट्या भरभरून चांगली माती आणली. वेल दोरी धरून कौलांवर काय सुसाट चढला म्हणता! रोज सकाळी मी शिडीवर. दुधी धरले, ते आईने एकेक करून शिजवले. सगळ्यात थोरला मात्र मी पानांखाली झाकला.

आई रोज ओहोटीला खाडीत चिंबोऱ्या धरायला जायची आणि भरती लागली की धापा टाकत परत यायची. दमलेली असली की म्हणायची, "घरात भाजी नाय. काढ तो दुधी."

"हात तर लावून बघ!" मी अंगावर धावून जायचे. आईशी असं बोलतात का? पण मी बोलायचे.

एक दिवस अवचित पाहुणे आले. आई कोयता घेऊन शिडी चढली. खाली मी भोकाड पसरलं. ती रिकाम्या हाताने उतरली. "निबर झालाय, शिजायचा नाय," म्हणाली आणि सुकट भाजायला बसली. मी चाटच पडले. आदल्याच दिवशी त्यावर कोवळी लव होती.

उन्हाळ्यात भोपळा खडखडीत वाळला. हलवला की आत बिया खुळखुळायच्या. बाबांनी तो काथ्याने माझ्या पाठीला आवळला आणि दिलं तळ्यात ढकलून. गटांगळी खाल्ली, वर आले, आणि तरंगले की हो! "बुडत नाय! बुडत नाय!" मी ओरडत सुटले. आठवड्याभरात भोपळा न बांधता पलीकडचा काठ गाठला. अगं बाई, काय तो आनंद!

परत आले तर आई गुडघाभर पाण्यात उभी, लुगडं वर खोचलेलं. इतकी वर्षं खाडीत उतरणाऱ्या बाईला पोहता येतं का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"झालं ना तुजं?" ती हळूच म्हणाली. "आता माज्या पाठीला बांध."

गाठ मीच मारली. दोनदा ओढून बघितली.